छप्पर मोडते उन्हात, कळते पावसात

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर नेवासे तालुक्यात घोडेगाव लागते. जनावरांचा बाजार आणि कांद्याचा उपबाजार यांमुळे हे गाव जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. शनिशिंगणापूरला जाणारा रस्ता येथूनच फुटतो. तेथील देव उघड्या चौथऱ्यावर ऊन-पाऊस अंगावर घेत उभा आहे आणि गावातील घरांना परंपरेने दारे नाहीत. दाराशिवाय घर एकवेळ चालते. छपराशिवाय मात्र चालत नाही. दुकान, गोदाम आणि बाजाराची शेड यांचे तर सारे भवितव्य डोक्यावरच्या आच्छादनावर अवलंबून असते. चार महिने सांभाळून ठेवलेला कांदा एका रात्रीच्या गळतीने नासू शकतो, ही गोष्ट या परिसरातील व्यापाऱ्याला किंवा शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

असे असूनही छपराचा निर्णय बहुधा सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने घेतला जातो. पाया, खांब, भिंती, शटर आणि दर्शनी भागाची फरशी यांवर खर्च होऊन पैसा संपत आला की मगच छपराचा विषय निघतो. मग ‘कोणता पत्रा घ्यायचा?’ किंवा ‘कोणते वॉटरप्रूफिंग चांगले?’ असा प्रश्न विचारला जातो. वास्तविक हा प्रश्न शेवटचा आहे. पाणी कोणत्या वाटेने जाणार, ऊन किती लागणार, इमारत किती वजन पेलणार, वारा कोठून शिरणार आणि देखभाल कोण करणार, ही उत्तरे मिळाल्याशिवाय मालाची निवड करणे म्हणजे रोगाचे निदान होण्यापूर्वीच औषध आणण्यासारखे होय.

सपाट दिसते, पण सपाट नसावे

व्यापारी इमारतींची छपरे सहसा कमी ढाळाची असतात. १२ फूट अंतराला ३ फूट किंवा त्याहून कमी चढ असेल तर अमेरिकेतील छप्पर व्यवसायात त्याला कमी ढाळाचे छप्पर म्हणतात. आपल्याकडील स्लॅबची गच्ची आणि पत्र्याच्या बहुतेक मोठ्या शेड या वर्गात येतात. मोठ्या रुंदीच्या इमारतीवर उभ्या ढाळाचे छप्पर घालायचे तर उंची आणि लोखंड दोन्ही वाढतात. शिवाय गच्चीवर पाण्याच्या टाक्या, वातानुकूलन यंत्रे किंवा सौरपॅनेल ठेवायची असतात. म्हणून ढाळ कमी ठेवला जातो आणि त्यात गैर काही नाही.

मात्र ढाळ कमी झाला की छपराचे कामच बदलते. कौलारू छपरावरून पाणी निसटून जाते. कौलांच्या फटींतून थोडे आत येण्यापूर्वी ते खाली गेलेले असते. कमी ढाळाच्या छपरावर पाणी रेंगाळते आणि प्रत्येक सांध्याची, प्रत्येक भेगेची परीक्षा घेते. पहिल्या प्रकारात छपराने पाणी झटकायचे असते, दुसऱ्या प्रकारात ते अडवून धरायचे असते. उताराच्या छपरासाठी योग्य असलेला माल सपाट छपरावर अपयशी ठरतो, तो यामुळेच.

धाब्याचा वारसा

कमी ढाळाचे छप्पर ही या भागाला परकी गोष्ट नव्हे. कोकणात उतरती कौलारू घरे, तर पर्जन्यछायेतील नगर, बीड, सोलापूर या पट्ट्यात धाब्याची किंवा माळवदाची घरे, अशी विभागणी पावसानेच केलेली होती. भिंतींवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण, त्यावर पाला आणि चिखल व सर्वांत वर चोपून बसवलेली पांढरी माती, अशी या छपराची रचना असे. जाड मातीमुळे दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होई. पावसाळ्यापूर्वी वरची माती पुन्हा पसरून चोपणे हे दरवर्षीचे ठरलेले काम असे. म्हणजे आधुनिक भाषेत ज्याला छप्पर व्यवस्था म्हणतात, तिचे ढाळ, आच्छादन, उष्णतारोध आणि देखभाल हे चारही घटक धाब्यात होते.

त्याचे मोठे वैगुण्य म्हणजे वजन. एक फूट जाडीचा मातीचा थर दर चौरस मीटरला साडेचारशे किलोंहून अधिक भार टाकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील जड माळवदे कोसळणे हे या जीवितहानीचे एक प्रमुख कारण होते. छपराची निवड ही केवळ गळतीची बाब नाही, हा धडा महाराष्ट्राला त्या पहाटेने दिला. आजही जुन्या इमारतीच्या स्लॅबवर कोब्याचा एक थर गळतो म्हणून त्यावर दुसरा आणि दुसऱ्यावर तिसरा घातला जातो. तेव्हा धाब्याचीच ती चूक सिमेंटच्या रूपाने पुन्हा होत असते.

खरा शत्रू ऊन

घोडेगाव परिसरात वर्षाला साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत याच्या चौपटीच्या आसपास पाऊस होतो. त्यामुळे ‘आपल्याकडे पाऊसच किती?’ असे म्हणून छपराकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती दिसते. पण येथे छपराला पावसापेक्षा उन्हाचा मारा अधिक सोसावा लागतो.

उन्हाळ्यात हवेचे तापमान चाळीस अंशांपर्यंत आणि कधी त्यापलीकडेही जाते. अशा दुपारी काळ्या डांबरी पृष्ठभागाचे तापमान पासष्ट-सत्तर अंशांवर पोचते. हिवाळ्यातील रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो आणि निरभ्र आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही अधिक थंड होतो. या चढउतारांबरोबर छप्पर प्रसरण-आकुंचन पावत राहते. ३० मीटर लांबीचा पोलादी पत्रा ५० अंशांच्या फरकाने सुमारे १८ मिलिमीटर लांबतो. तेवढ्याच लांबीचा काँक्रीटचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने सुमारे ९ मिलिमीटर हलतो. ही हालचाल रोज होते. तिला मोकळीक ठेवलेली नसेल तर पत्र्याची स्क्रूची भोके लांबट होतात, कठड्याच्या बुडाशी गिलावा सुटतो आणि कोब्यात केसासारख्या भेगा पडतात. त्यात सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी रबरी वॉशर कडक होतात आणि डांबर ठिसूळ बनते.

या साऱ्या भेगा ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत तयार होतात. त्या कोणाच्या लक्षात येत नाहीत. वळवाच्या पहिल्या सरीला किंवा सप्टेंबरातील मुसळधार पावसाला त्या अचानक उघड होतात आणि दोष पावसाच्या माथी मारला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याबरोबर अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांनीही अतिवृष्टी अनुभवली. कमी पावसाच्या प्रदेशात पाऊस कमी पडतो याचा अर्थ तो हळू पडतो असा नव्हे.

उष्णतेचा दुसरा परिणाम इमारतीच्या आत जाणवतो. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट सूर्योर्जा पडते. ५,००० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ४६५ चौरस मीटरच्या छपरावर ती ४६५ किलोवॉट होते. काळा पृष्ठभाग यातील नव्वद टक्के शोषून घेतो. चांगला पांढरा पृष्ठभाग सत्तर टक्के परत पाठवतो. म्हणजे एकाच आकाराच्या दोन छपरांपैकी एक सुमारे ४२० किलोवॉट पोटात घेते, तर दुसरे सुमारे १४०. केंद्र सरकारच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत २० अंशांपेक्षा कमी ढाळाच्या ‘शीत छपरा’ची सुरुवातीची परावर्तनक्षमता किमान ०.६० असावी असे म्हटले आहे. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांसाठी स्वतंत्र धोरण आणले. रंगाचा प्रश्न सौंदर्याचा नसून विजेच्या देयकाचा आणि छपराच्या आयुष्याचा आहे, हे यावरून ध्यानात यावे. अर्थात बाजारातील धूळ बसली की पांढरेपणा कमी होतो. म्हणून असे छप्पर वर्षातून एकदा तरी धुवावे लागते.

पाण्याला वाट

उन्हाचा विचार झाल्यावर पाण्याचा. कमी ढाळाच्या छपराचा पहिला नियम असा की, पाणी अडवण्याआधी ते घालवावे. स्लॅबच्या गच्चीला १०० ला १ इतका ढाळ आपल्याकडे सर्रास सांगितला जातो. अमेरिकेतील बांधकाम संहिता मेंब्रेनच्या छपरांसाठी साधारण ४८ ला १, म्हणजे दोन टक्के ढाळाचा आग्रह धरते. कागदावरील १०० ला १ प्रत्यक्षात गवंड्याच्या हातून आणि स्लॅबच्या झोळामुळे अनेक ठिकाणी शून्य होतो, हे लक्षात घेता जास्तीचा ढाळ ही चैन नव्हे.

हा ढाळ कशाने द्यायचा, हाही मोठा प्रश्न असतो. २० मीटर रुंद स्लॅबचे सर्व पाणी एकाच कडेला न्यायचे तर १०० ला १ या हिशेबाने दुसऱ्या कडेला २० सेंटिमीटर उंची चढते. ती कोब्याने भरून काढली तर सरासरी १० सेंटिमीटर जाडीचा थर होतो आणि दर चौरस मीटरला सुमारे १९० किलो वजन वाढते. तेच पाणी दोन्ही कडांना वळवले की उंचीही निम्मी आणि वजनही निम्मे. नवी इमारत असेल तर स्लॅबच ढाळात ओतणे सर्वांत उत्तम; त्याचा खर्च नगण्य असतो. म्हणून छपराचा विचार पायाच्या आराखड्याबरोबर व्हायला हवा.

पाणी साचू देणे धोक्याचे का, हे साध्या गणिताने कळते. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, अर्थात एक किलो. ज्या सपाट छपरावर माणसांची ये-जा अपेक्षित नाही, त्यासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे ७५ किलो इतकाच चल भार धरला जातो. जाळी तुंबून साडेसात सेंटिमीटर पाणी साचले की तो संपला. छप्पर झोळले की आणखी पाणी तेथेच जमते आणि झोळ वाढत जातो.

राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या कोष्टकानुसार ताशी १०० मिलिमीटर वेगाच्या पावसात १०० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे चार इंची, एक उभा नळ सुमारे ४२ चौरस मीटर छपराचे पाणी वाहून नेतो. ४६५ चौरस मीटरसाठी असे अकरा नळ लागतील. प्रत्यक्षात अशा गच्चीला तीन-चार नळ दिसतात आणि त्यांतीलही एखादा पिशवी, पाने किंवा बाजारातून उडत आलेली कांद्याची फोलपटे अडकून बंद झालेला असतो. म्हणून मुख्य नळांखेरीज कठड्यातून थेट बाहेर पडणारा एक जादा मार्ग, मुख्य नळाच्या तोंडापेक्षा दोन इंच उंचीवर ठेवावा. तेथून पाण्याची धार दिसू लागली की नळ तुंबला असल्याची सूचना आपोआप मिळते.

हे पाणी केवळ घालवून द्यायचे, असेही नाही. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्याचा पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी ४६५ चौरस मीटरच्या छपरावरून सुमारे १ लाख ८६ हजार लिटर पाणी मिळते. दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबाने ते अठरा टँकरहून अधिक होते. टंचाईच्या प्रदेशात छप्पर हे पाणलोट क्षेत्रच आहे. मात्र डांबरी किंवा लेप दिलेल्या छपरावरील पाणी पिण्यासाठी न वापरता धुण्यासाठी वा पुनर्भरणासाठी वापरणे इष्ट.

पर्यायांची पारख

एवढे प्रश्न मार्गी लागल्यावर मालाकडे वळता येते. घोडेगावसारख्या बाजारपेठेत आज प्रामुख्याने पाच पर्याय समोर येतात.

पहिला, पोलादी पत्रा. दर चौरस मीटरला जेमतेम पाच किलो वजन, झटपट उभारणी आणि मोठा गाळा विनाखांब झाकण्याची सोय, यांमुळे शेडसाठी तो स्वाभाविक ठरतो. निव्वळ जस्ताच्या थरापेक्षा अॅल्युमिनियम-जस्ताचा थर दिलेला पत्रा साधारणतः अधिक टिकतो. तथापि स्क्रूने बसवलेल्या पत्र्याला साधारण बाराला एक तरी ढाळ हवा. त्याहून कमी ढाळ असेल तर कडा उभ्या दुमडून जोडलेला, वरून भोके न पाडता आतील पकडींवर बसणारा पत्रा घ्यावा. तो प्रसरणालाही मोकळीक देतो. जनावरांच्या गोठ्यातील अमोनिया जस्ताचा थर खातो, ही बाब या गावात विसरता कामा नये. तसेच थंडीत पत्र्याच्या आतल्या बाजूस घाम येऊन टपकणारे पाणी हे पुष्कळदा गळती समजले जाते. त्यावर उपाय स्क्रू आवळण्याचा नसून खाली उष्णतारोधक थर देण्याचा आणि हवा खेळती ठेवण्याचा आहे.

दुसरा, स्लॅबवरील विटांच्या तुकड्यांचा कोबा. गवंड्यांना परिचित, चालण्या-फिरण्यास भक्कम आणि ढाळ देण्यास सोपा. ११ सेंटिमीटर सरासरी जाडीचा कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या घरात जातो. वरच्या थराला तडा गेला की विटा स्पंजासारखे पाणी पितात आणि ते महिनोन् महिने आत राहते. गळती मग एका खोलीत दिसते आणि भेग तिसऱ्याच ठिकाणी असते. कोबा हा ढाळ देणारा आणि संरक्षण करणारा थर मानावा. पाणी अडवण्याचे काम त्याखालील वेगळ्या थराकडे सोपवावे.

तिसरा, ज्योतीने तापवून चिकटवायचे सुधारित डांबराचे मेंब्रेन. तीन ते चार मिलिमीटर जाडीचे, एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब असे त्याचे गुंडाळे येतात. वजन चार-पाच किलो. पण पट्टे एकमेकांवर १० सेंटिमीटर चढवायचे असतात. त्यामुळे ४६५ चौरस मीटरच्या गच्चीवर पाचशे मीटरहून अधिक लांबीचे सांधे तयार होतात. हा अर्धा किलोमीटर सांधा एका कामगाराच्या हातावर आणि ज्योतीवर अवलंबून असतो. हे मेंब्रेन उघडे ठेवायचे असेल तर खनिज कणांचा थर असलेले घ्यावे किंवा त्यावर परावर्तक रंग द्यावा. उघड्या ज्योतीचे काम असल्याने लाकूड, फोम किंवा बारदान जवळ असता कामा नये.

चौथा, पीव्हीसी किंवा टीपीओ यांची एकपदरी चादर. पांढरी, रुंद आणि गरम हवेने सांधा वितळवून एकजीव करता येणारी. अमेरिका-युरोपातील मोठ्या सपाट छपरांवर ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. उष्ण प्रदेशात तिचा पांढरेपणा उपकारक आहे. मात्र जुन्या डांबरी थरावर पीव्हीसीची चादर थेट अंथरू नये. डांबराच्या संपर्काने तिच्यातील लवचीकपणा देणारे द्रव्य निघून जाते आणि ती कडक होते. मधे विलग करणारा थर आवश्यक असतो. शिवाय सांधणीचे यंत्र आणि ते चालवणारा कुशल कारागीर तालुक्याच्या ठिकाणी मिळतो का, हे आधी पाहावे. दुरुस्तीसाठी दर वेळी पुण्या-मुंबईहून माणूस बोलवावा लागत असेल तर उत्तम मालही गैरसोयीचा ठरतो.

पाचवा, ब्रशने वा फवाऱ्याने द्यायचा द्रवरूप लेप. पाइप, खांब आणि यंत्रांचे चौथरे यांनी गजबजलेल्या गच्चीवर तो सर्वांत सोयीचा, कारण त्याला सांधा नसतो. पॉलियुरेथेनचा लेप ताणला जातो. अॅक्रिलिकचा लेप परावर्तक म्हणून चांगला, पण साचलेल्या पाण्याखाली टिकत नाही. लेपाचे सारे यश खालचा पृष्ठभाग कोरडा असण्यावर आणि ठरलेली जाडी प्रत्यक्षात मिळण्यावर असते. ओल्या स्लॅबवर दिलेला लेप उन्हाळ्यात फोडांसारखा उठतो. त्यामुळे पाऊस उंबरठ्यावर आल्यावर हे काम काढणे व्यर्थ. फेब्रुवारी-मार्च हा त्याचा खरा हंगाम.

यांखेरीज सिमेंटचे नालीदार पत्रे अजूनही दिसतात. ते पोलादी पत्र्यापेक्षा कमी तापतात, परंतु ठिसूळ असतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यातील अनेक जिल्ह्यांना गारपिटीने झोडपले होते. अशा माऱ्यापुढे ठिसूळ पत्र्याचा निभाव लागणे कठीण. जुन्या सिमेंट पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता गृहीत धरावी. सर्व प्रकारचे अॅस्बेस्टॉस कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. म्हणून असे पत्रे कोरडे कापणे, घासणे किंवा फोडणे टाळावे.

वाऱ्याचा ओढा

हलक्या छपराला पावसापेक्षा वळवाच्या वाऱ्याची धास्ती अधिक. भारतीय मानकात नाशिक, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर या तिन्ही ठिकाणांसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. या वेगाने दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलो दाब निर्माण होतो. पत्र्याचे स्वतःचे वजन पाच किलो. म्हणजे वारा छपराला दाबण्यापेक्षा वर खेचून काढतो आणि त्याला धरून ठेवते ते केवळ स्क्रूंचे बळ. कडांना आणि कोपऱ्यांना हा ओढा काही ठिकाणी दुपटीपर्यंत जातो. पत्रे उडण्याची सुरुवात बहुधा कोपऱ्यातून होते, ती यामुळेच. तेव्हा कडेच्या पट्ट्यात स्क्रूंचे अंतर कमी करावे. मेंब्रेनची कड नुसती चिकटवून न सोडता धातूच्या पट्टीने आवळावी. पत्र्यांवर दगड किंवा वाळूची पोती ठेवण्याची पद्धत तर घातकच. वादळात तेच दगड खाली येतात.

जसा उपयोग, तसे छप्पर

एकच छप्पर सर्वांना सारखे लागू पडत नाही. कांदा साठवायचा असेल तर पाण्याइतकीच उष्णता आणि कोंडलेली दमट हवा घातक असते. म्हणून तेथे फिकट रंगाचा पत्रा, त्याखाली उष्णतारोधक थर, शिखराशी हवा बाहेर जाण्याची सोय आणि भिंतीबाहेर भरपूर पुढे आलेली वळचण असावी. सर्व बाजूंनी बंद केलेले भारी छप्परही कांदा वाचवू शकत नाही.

दूध शीतकरण केंद्र किंवा वातानुकूलित दालनात उष्णतारोधाला प्राधान्य येते. तेथे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेली पॅनेल सोयीची, मात्र फोमचा आगीतील गुणधर्म विचारूनच घ्यावीत. आगीचा धोका असेल तेथे खनिज लोकरीचा पर्याय आहे. स्लॅबच्या इमारतीत उष्णतारोधक थर खालून छताला लावण्यापेक्षा वरून घालणे हिताचे. त्यामुळे स्लॅब दिवसभर तापत नाही, त्याची हालचाल घटते आणि भेगाही कमी पडतात. पाणी न शोषणारा फोम मेंब्रेनच्या वर अंथरून त्यावर फरशी बसवण्याची ‘उलट्या थरांची’ पद्धतही आहे. तीत मेंब्रेन उन्हापासून कायमचे झाकले जाते.

रस्त्याकाठच्या गाळ्यांवर पुढे-मागे आणखी मजला चढवायचा असेल तर जड कोबा आज घालणे आणि उद्या फोडणे परवडत नाही; तेथे हलका लेप पुरे. मंगल कार्यालयासारख्या मोठ्या दालनात पत्र्यावरील पावसाचा आवाज हाही विचारात घेण्याजोगा मुद्दा ठरतो. आणि सौरपॅनेल बसवायची असतील तर त्यांचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षे असते, हे ध्यानात ठेवावे. पाच वर्षांत संपणाऱ्या जलरोधक थरावर पंचवीस वर्षांची पॅनेल बसवली तर मधेच सारा पसारा उतरवावा लागतो. आधी छप्पर, मग पॅनेल, हाच क्रम योग्य.

कागद, चाचणी आणि झाडू

दर विचारताना प्रति चौरस फूट भावावर थांबू नये. समजा, एका कामाला चौरस फुटास ६० रुपये पडले आणि ते पाच वर्षे टिकले, तर वर्षाला १२ रुपये झाले. दुसरे १२० रुपयांचे काम पंधरा वर्षे टिकले, तर वर्षाला ८ रुपयेच पडले. त्यात गळतीने गेलेल्या मालाची आणि बंद ठेवलेल्या दुकानाची किंमत धरली की स्वस्त काम महाग का पडते, ते उघड होते. दरपत्रकात मालाची जाडी, थरांची संख्या, सांध्यांची रुंदी, कठड्यावर थर किती उंच चढणार आणि नळाच्या तोंडाशी काय करणार, हे लिहून घ्यावे. गळती सपाट मैदानात क्वचितच असते. ती कठड्याचा कोपरा, नळाचे तोंड, पाइपचे भोक आणि दोन इमारतींमधील फट येथे असते. कठड्याच्या बुडाशी गवंडी जी गोलाई करतात, तो ‘वाटा’ म्हणूनच महत्त्वाचा.

हमीपत्रही नीट वाचावे. हमी फक्त मालाची की मजुरीचीही, साचलेल्या पाण्याने झालेले नुकसान त्यातून वगळले आहे का आणि गच्चीवर नंतर केबल किंवा मनोरा बसवल्यास हमी संपते का, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. काम पूर्ण झाल्यावर नळ बंद करून, स्लॅब किती भार पेलतो हे अभियंत्याकडून तपासून, किमान ४८ तास थोडे पाणी साठवण्याची चाचणी घ्यावी आणि तीनंतरच अखेरचा हप्ता द्यावा. पत्र्याच्या छपरावर पाण्याची धार खालून वर, सांध्यासांध्याने मारून पाहता येते.

त्यानंतर उरते ते दरवर्षीचे काम. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा कोणीतरी शिडी लावून वर जावे. जाळ्या साफ कराव्यात, सुटलेले स्क्रू व कडक झालेले वॉशर बदलावेत, भेगा भराव्यात आणि धूळ धुऊन काढावी. ज्या इमारतीत वर जाण्याचा सुरक्षित मार्गच ठेवलेला नसतो, तिची देखभाल कधी होत नाही. म्हणून जिना किंवा पक्की शिडी हाही छप्पर व्यवस्थेचाच भाग समजावा.

धाब्याच्या घरात राहणारी पिढी मृगापूर्वी माती चोपण्यास विसरत नसे, कारण आपले छप्पर कशाचे आहे आणि ते कशाने टिकते हे तिला ठाऊक होते. नव्या मालाबरोबर ‘एकदा करा आणि विसरा’ ही जाहिरात आली आणि ते ज्ञान मागे पडले. घोडेगावच्या बाजारपेठेत उद्या उभ्या राहणाऱ्या गोदामाला कोणता माल लागेल, याचे एकच उत्तर नाही. पण त्याच्या मालकाने पत्र्याच्या दुकानात जाण्यापूर्वी भर दुपारी एकदा आपल्या जागेवर उभे राहून ऊन कोठून येते, वारा कोठून लागतो आणि पाणी कोठे जाईल, एवढे पाहिले, तरी अर्धी निवड तेथेच झालेली असेल.